सावली आली की ब्रेक

त्या रविवारी टकळीला भीती जाणवली ती आधी दंडांवर. ऊन होतं तोवर सगळं ठीक चाललं होतं. मग रस्ता झाडांखाली शिरला, दंडांना गार लागलं आणि त्याच क्षणी दादाने ब्रेक दाबला. पुढे ऊन आलं, ब्रेक सुटला. पुन्हा सावली, पुन्हा ब्रेक. मोजायचं नाही असं तिने ठरवलं आणि सातपर्यंत मोजलं.

सायकल दोघांची होती, टँडम. पुढच्या सीटवर दादा, मागच्या सीटवर ती. हँडल, गिअर, वळणं, सगळं पुढच्याच्या हातात; मागच्याने मुकाट पायडल मारायचं. आता मुकाट बसणं हिला बापजन्मी जमलं नव्हतं. चौदाव्या वर्षी तिची नजर पूर्ण गेली आणि तेव्हापासून तोंडाचा पट्टा सुरू झाला तो आजतागायत. एका इस्पितळात ती टेलिफोन ऑपरेटर होती, म्हणजे बडबडीचा पगारही घ्यायची. टकळी हे नाव दादानेच ठेवलेलं. दर रविवारी दोघं भावंडं शहराबाहेर पडत, खेड्याखेड्यांतून चाळीस किलोमीटर फिरून येत, आणि सबंध रस्ताभर ती आवाजावरून, वासावरून सांगत सुटे. "ही पिठाची गिरणी आली. आता शाळेची भिंत. आता गोठा, नाक धर." अकरा वर्षांत वाट तिला तोंडपाठ झाली होती. दादा हसायचा. "अगं बाई, मला दिसतंय ना!" म्हणायचा.

म्हणायचा. गेल्या तीन महिन्यांत एकदाही म्हणाला नव्हता, हे तिच्या आत्ता, सातव्या सावलीत लक्षात आलं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि नको म्हटलं तरी थांबेना. दादाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. बायकांची छोटी मनगटी घड्याळं तो हल्ली घेत नव्हता, "नुसती कटकट" म्हणून. मागच्या महिन्यात एका गाईला हँडल घासलं, तेव्हा त्याने गाईलाच शिव्या घातल्या. आणि हा ब्रेक! मागच्या चाकाचा एक जादा ब्रेक त्याने तिच्या पुढ्यातल्या न वळणाऱ्या दांडीला बसवून दिला होता. "उतारावर तूही जरा कामाला ये, नुसती आयती बसतेस," असं म्हणाला होता, आणि ती हसली होती. मूर्ख कुठली.

पण खरा धसका तिने घेतला तो सावलीचा. उन्हातून घरात येताना दारातच थबकायचं, भिंत चाचपायची, हे तिचंही असंच सुरू झालं होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आई म्हणायची, वेंधळी आहे. डॉक्टर म्हणाले, वेंधळी नाही, आजार आहे, रक्तातून आलाय. मग दादालाही तपासलं. त्याच्या डोळ्यांत काही सापडलं नाही आणि तो सुटला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आईने तर टकळीच्या देखत हुश्श केलं होतं. टकळीनेही केलं होतं.

खात्री करून घ्यायची एकच युक्ती तिला सुचली. ती गप्प बसली.

गिरणी गेली, ती बोलली नाही. शाळेची भिंत गेली. टँडमची पायडलं एकमेकांना साखळीने बांधलेली असतात. पुढच्याचा पाय अडखळला की मागच्याच्या तळव्याला कळतं. दादाचा पाय अडखळायला लागला. गोठा गेला, तेव्हा तो आणखी जड झाला. पुढे उतार होता, दोन किलोमीटरचा, दाट झाडांतला, आणि खाली वळणावर अरुंद पूल. उताराआधी थांबव, थांबव, असं तिचं मन ओरडत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. थांबवलं की विचारावं लागणार होतं, आणि विचारलं की तो उत्तर देणार होता.

दंडांना गार लागलं. सायकल खाली धावायला लागली.

"टकळे," दादा म्हणाला. "बोल ना गं. गप्प का झालीस?"

त्याचा असा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. तेवढ्यात खालून इंजिनाची घरघर ऐकू आली. दुधाची गाडी चढ चढत होती, आणि अशा अरुंद रस्त्यावर ती मधोमधच असणार.

"डावीकडे घे," ती म्हणाली. "अजून. बास. आता सरळ."

डाव्या हाताला दगडी बांध होता. चाकांचा आवाज त्याच्यावर आपटून परत येत होता, त्यावरून बांध किती जवळ ते तिला कळायचं. "बांध जवळ आला, जरासा उजवीकडे. जरासाच!" तिने ब्रेक हळूहळू आवळत आणला; पाचोळ्यावर एकदम आवळला तर चाक घसरलं असतं. आवाज ती ऑपरेटरचा काढत होती, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलताना लावायची तो.

"गाडी आली. हँडल हलवू नकोस. हलवू नकोस. गेली." गाडीचा वारा तिच्या गालावर आदळला. "बांध वळतोय, बरोबर वळ. अजून. आता पाणी ऐकू येतंय? पूल आलाय. मी ब्रेक पूर्ण दाबतेय. पाय टेकव, दादा."

त्याने पाय टेकले. दोघंही तशीच सीटवर बसून राहिली. सबंध सायकल अजून हलत होती.

"सावलीत दिसत नाही ना तुला?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय गं."

"माझाही नंबरच वाढला होता. नऊ वर्षांची असताना."

त्याने पुढचा ब्रेक उगाचच दाबला, सोडला.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दोन महिने झाले."

"काय म्हणाले?"

"तुझ्या वेळी आईला म्हणाले होते तेच." मग खाली मान घालून बोलावं तसं म्हणाला, "तुझं फिरणं बंद होईल म्हणून नाही सांगितलं. आणि तू बोलत होतीस तोवर चाललं होतं गं."

"गाढवा, मेलो असतो आपण!" ती म्हणाली, आणि मघापासून आवरलेलं रडू तिला एकदम फुटलं. त्याला चांगलं बदडून काढावं असं तिला वाटत होतं, आणि त्याच्या पाठीला डोकं टेकून ती रडत होती. मघाच्या गाडीची भीती केव्हाच गेली होती. आता भीती होती ती उद्याची, परवाची, दुकानाची, त्याची.

पुढचं गाव तीन किलोमीटरवर होतं. तिथून कुणाला तरी फोन करायचा, तोवर सायकल ढकलत न्यायची, असं ठरलं. टकळीने पाठीवरच्या पिशवीतून घडीची पांढरी काठी काढली. दादा बरोबर असताना ती पिशवीतच राहायची. "मी असताना काठी कशाला?" हे त्याचं वीस वर्षांचं ठरलेलं वाक्य होतं.

काठीचे चार तुकडे खटखट जुळले. आवाज त्याने ऐकला असणार. ती वाट बघत उभी राहिली.

त्याने ते वाक्य म्हटलं नाही. एका हाताने सायकल सावरली, दुसऱ्या हाताने चाचपडत तिचं कोपर शोधलं आणि धरलं, दुखेल इतकं घट्ट.