लिलाबाईसाठी न वाजलेला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. मिरवणुकीच्या गाडीवर बसवतात तो कर्णा नव्हे. त्याच्याशी माझं नातं लावू नका, मला राग येतो. मी वाफेवर वाजणारा, अस्सल पितळेचा, कापसाच्या जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा भोंगा. सध्या वाशीमच्या एका भंगाराच्या दुकानात, फुटक्या कुकरांच्या आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात आडवा पडलो आहे. कधीकाळी माझ्या आवाजावर आठ-दहा गावं उठत आणि निजत, हे इथल्या कुकरांना सांगूनही पटत नाही. तुम्हाला पटेल, म्हणून सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. एवढंच आठवतं की गवताच्या पेंढ्यात गुंडाळून मला एका लाकडी खोक्यात घातलं होतं आणि ते खोकं जऊळक्याच्या स्टेशनावर उघडलं गेलं. उघडणारे होते शालिग्रामजी. ते आमच्या गावचे शेतकरी. तेव्हा आमच्या भागातला कापूस बैलगाड्यांत भरून लांब अकोल्याकडे न्यावा लागे आणि तिथे शेतकरी दिवस दिवस ताटकळत बसत. शालिग्रामजींनी आपलं चांगलं काळं वावर विकलं आणि गावातच जिन उभारायचं ठरवलं. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं. माझ्या सोबत आलेलं बॉयलर गाडीवरून नाल्यात रुतलं, तेव्हा तर लोकांना हसायला आणखी कारण मिळालं. पण हसता हसता त्यांनीच दोराला हात लावला आणि अख्ख्या गावाने ते धूड ओढून वर काढलं.

मी पहिल्यांदा वाजलो त्या दिवशी बैलांनी दावी तोडली. नदीवरून पाणी आणणाऱ्या बायका घागरी टाकून पळाल्या. मला फार गंमत वाटली. मग हळूहळू गावाला माझी सवय झाली. पहाटे माझा आवाज आला की चुली पेटत. शाळेचे गुरुजी माझ्यावर घड्याळ लावत. लग्न लावणारे भटजीसुद्धा माझ्याकडे कान देऊन मंगलाष्टकं आवरती घेत. थोडा गर्व झाला होता मला, नाही म्हणत नाही.

माझ्या हाका ठरलेल्या होत्या. दोन तुटक हाका दिल्या की पाळी सुरू, कामावर या. दुपारी एक बारीकशी हाक असे. तिला सगळे लेकराचा भोंगा म्हणत. कारण जिनात काम करणाऱ्या बहुतेक बाया होत्या आणि त्यांची तान्ही मुलं फाटकाजवळच्या निंबाला बांधलेल्या झोळ्यांत निजलेली असत. ती हाक झाली की बाया धावत येऊन लेकरांना पाजत. आणि तिसरी हाक लांब, न तुटणारी, वाफ संपेपर्यंतची. जिनातलं माणूस मेलं तरच ती द्यायची. सगळी यंत्रं थांबत आणि वावरातले लोकही जागच्या जागी उभे राहत. शालिग्रामजी असेपर्यंत त्या हाकेची साखळी ते स्वतः ओढत. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

जिनातलं काम तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. लांबच लांब रांगेत रेचे असतात. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुई मोकळी करणारं यंत्र. रेच्यापुढे उभं राहून बाया हाताने कापूस टाकत. नाकातोंडात पांढरं भुसकट जाई. सगळे रेचे एकाच लांब दांड्यावर चालत आणि त्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे गरगर फिरत. त्या पट्ट्यांना बाया फार भीत. पदर मोकळा राहिला आणि पट्ट्यात गेला, की संपलं. म्हणून तिथे एक रीत होती. फाटकातून आत शिरण्याआधी प्रत्येक बाईचा पदर तिची जोडीदारीण पाठीमागून आवळून बांधी. स्वतःच्या हाताने पाठीमागे तशी गच्च गाठ बसत नाही. हिने तिची बांधायची, तिने हिची. मी छपरावरून रोज ते बघत असे. भांडण झालेल्या बायाही तोंड फिरवून का होईना, पण एकमेकींची गाठ बांधत.

लिलाबाई आणि पंचफुला या सख्ख्या बहिणी अशाच जोडीदारणी होत्या. लिलाबाई थोरली. तिला माझी नक्कल करता यायची. गाल फुगवून ती असा काही भोंगा वाजवी की झोळीतली लेकरं हसत. पंचफुला धाकटी, नुकतीच बाळंत झालेली. तिला निंबाखालून पाय निघत नसे.

त्या दिवशी सकाळी मी दोन तुटक हाका दिल्या. लिलाबाईने पंचफुलाचा पदर बांधला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"माहा बांध वं," ती म्हणाली.

झोळीत लेकरू रडायला लागलं होतं. "तू हो पुढं, मी आलीच," म्हणत पंचफुला निंबाकडे पळाली.

लिलाबाई आत गेली. पंचफुला लेकराला थोपटून येईपर्यंत रेचे सुरू झाले होते. नंतर जे झालं ते मी तुम्हाला सांगणार नाही. मी छपरावर होतो, मला दिसलं नाही, पण आवाज सगळे ऐकू आले.

शालिग्रामजी तेव्हा हयात नव्हते. त्यांच्यामागे आलेल्या मालकांनी ठेवलेला मॅनेजर बाहेर आला. संध्याकाळपर्यंत रुईच्या गठाणी जऊळक्याला पोचवायच्या होत्या, मालगाडीचे डबे लागलेले होते. बॉयलरवाल्याचा हात माझ्या साखळीकडे गेला, तर मॅनेजर म्हणाला, "राहू दे. एकदा वाफ उतरली की परत चढायला दुपार होते." लिलाबाईला मागच्या दाराने नेलं. दांडा परत फिरू लागला. मित्रांनो, साखळी ओढल्याशिवाय मला बोलता येत नाही. माझ्या पोटात वाफ कोंडलेली होती आणि मी गप्प होतो. त्या दिवसाइतकं वाईट मला कधीच वाटलं नाही.

तेरवी झाल्यावर पंचफुला कामावर आली. फाटकापाशी थांबली आणि मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाली, "साऱ्या गावासाठी बोंबलतं. माह्या लिलीसाठीच तुले तोंड नोयतं काय?" तिचा पदर दुसऱ्या एका बाईने बांधला. तिने मात्र पुढे ज्या ज्या बाईची गाठ बांधली, ती इतकी आवळून बांधली की त्या बाया कळवळत.

पुढे वीज आली. मोटारी बसल्या, बॉयलर विझलं, माझा आवाज गेला. माझ्या जागी एक विजेची घंटा लावली, तिचं नाव काढायचीही माझी इच्छा नाही. मग वावरावावरांत सोयाबीन आलं, कापूस कमी झाला आणि जिन बंद पडलं. काही बाया ऊसतोडीला, काही वीटभट्टीवर गेल्या. बॉयलर भंगारात गेलं. माझ्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं. खाली रेच्यांच्या जागी बाभळी उगवल्या. निंब तेवढा राहिला. मी वरून तोच बघत बसायचो. झोळ्यांच्या दोरांनी त्याच्या फांदीला पडलेले वळ अजून आहेत.

यंदा ती जागा विकली गेली. सगळं पाडून साफ करायचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात गावच्या शाळेची सातवीची मुलं फाटकातून आत आली. सोबत त्यांच्या मंजुषा मॅडम होत्या. 'आपल्या गावातला पहिला कारखाना' असा त्यांचा अभ्यास होता. किती वर्षांनी माझ्याखाली मुलांचा गलका झाला! मुलांनी पावलांनी जिनाची लांबी मोजली, पडलेली सरकी पिशवीत भरली, फाटकाच्या दगडावरचं शालिग्रामजींचं नाव लिहून घेतलं. अभ्यास झाला, असं त्यांना वाटलं.

वैभवी नावाची एक मुलगी तेवढी दगडापाशीच उभी होती. "मॅडम, यायनं जिन बांधलं, हे समजलं. पण मंग अठी काम कोन करे?"

मॅडमनी दगड पुन्हा एकदा वाचला. "ते इथं लिहिलेलं नाही गं," त्या म्हणाल्या. "विचारावं लागेल कोणाला तरी."

"माही पणजी होती जिनात," वैभवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पणजीला हाताला धरून घेऊन आली. ती पंचफुला होती. मी तिला ओळखलं ते चालीवरून. फाटकापाशी येताच तिचे हात आपोआप पाठीमागे पदराकडे गेले. ती आता पुष्कळ विसरते. सकाळी जेवली की नाही ते तिला आठवत नाही, पण जिनातलं सगळं आठवतं. निंबाखाली बसून ती मुलांना माझ्या तिन्ही हाका सांगत होती, गाठीची रीत सांगत होती. मग तिने लिलाबाईचं सांगितलं, अगदी सगळं.

"लेकरू रडे म्हणून मी गेली," ती म्हणाली. "गाठ नाई बांधली मी तिची. अन् हा मेला भोंगाबी नाई वाजला तिच्यासाठी. जशी काई माही बहीन जिनातली नोयतीच."

 वैभवी पणजीचा हात हातात घेऊन बसली होती. मग तिने वर माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, आता वाजवता येते काय तो?"

मित्रांनो, मला वाटलं आपली ऐकण्यात चूक झाली. पण त्या मुलांनी खरंच मनावर घेतलं. भंगारवाला शनिवारी मला उतरवणार होता. शुक्रवारी गावातला पंक्चरवाला भागवत आपल्या टेम्पोत हवेचं कॉम्प्रेसर घालून घेऊन आला. "वाफ नसली तं नसली, हवेनं बोलते का पाहू," म्हणत तो छपरावर चढला. त्याने कुंभारमाशीचं घर काढून मला फडक्याने पुसलं आणि नळी जोडली. ती लांब हाक अखेर द्यायची होती. मुलं निंबाखाली रांगेत उभी होती. पंचफुला ओढ्यापलीकडच्या वस्तीत घरीच होती. आधी आवाज निघतो का ते बघायचं आणि मग तिला आणायचं, असं ठरलं होतं.

भागवतने कॉक फिरवला. माझ्या अंगात हवा शिरली आणि इतक्या वर्षांनी मी ओरडलो! पण हवा म्हणजे वाफ नव्हे. क्षणात दम संपला. भागवतने घाईने पुन्हा दाब दिला, मी पुन्हा ओरडलो, पुन्हा तुटलो. दोन तुटक हाका झाल्या.

मी छपरावर होतो, म्हणून आधी मलाच दिसलं. ओढ्यापलीकडच्या घरातून पंचफुला बाहेर आली होती. डोक्यावर पदर नव्हता, पायात चप्पल नव्हती. ती लगबगीने, उशीर झालेल्या बाईसारखी, जिनाकडे येत होती. तिने पाळीचा भोंगा ऐकला होता.

भागवत ओरडला, "टाकी भरली रे! आता लंबा वाजवतो, तुटणार नाई!"

पंचफुला फाटकापाशी पोचली, धापा टाकत होती. समोर वैभवी उभी होती, खांद्यावर ओढणी मोकळी सोडलेली. पंचफुलाने तिच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"थांब वं लिले," ती म्हणाली. "तशी जाऊ नको अंदर. बांधू दे मले. लेकरू रडे तं रडू दे."

 वैभवी पाठ फिरवून उभी राहिली. पंचफुलाच्या म्हाताऱ्या बोटांनी ओढणीची टोकं ओढून घेतली, कमरेभोवती फिरवली आणि पाठीवर गाठ मारली, मग तिच्यावर आणखी एक. गाठ ओढून ओढून तपासली. "आता जाय," ती म्हणाली. "आता काई होत नाई तुले."

छपरावर भागवतचा हात कॉकवर होता. माझ्या अंगात हवा भरलेली होती. इतकी वर्षं जी हाक माझ्या पोटात अडकली होती, ती आता सुटणार होती. तेवढ्यात वैभवीने वर पाहिलं आणि हात आडवा हलवला. नको, वाजवू नको. तिचे डोळे भरून वाहत होते, पण हात खाली आला नाही, तसाच वर राहिला. लांब भोंगा झाला असता तर पंचफुलाने विचारलं असतं, कोण गेलं? आणि त्या क्षणी तरी तिची लिली समोर उभी होती.

भागवतने कॉकवरचा हात काढला आणि नळी सोडवली. हवा फुस्स करून निघून गेली.

शनिवारी मला उतरवलं. म्हणून मी इथे आहे. मंजुषा मॅडम परवा येऊन दुकानदाराशी बोलून गेल्या. मला शाळेत ठेवायचं म्हणतात. तो बघू म्हणाला. मला वितळवलं तरी चालेल, असं मोठेपणाने म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. मला भीती वाटते. लिलाबाईची हाक अजून माझ्याजवळच आहे आणि माझ्याबरोबर तीही वितळेल.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. तुमच्या गावातही एखादं जिन, एखादी गिरणी, एखादा घाणा पडलेला असेल. तिथे गेलात तर दगडावरचं नाव जरूर वाचा. शालिग्रामजी मोठा माणूस होता. पण तिथून तसेच घरी जाऊ नका. इथे काम कोण करत होतं, असं विचारा. सांगणाऱ्या बाया अजून तुमच्या ओसरीवर बसलेल्या आहेत. त्यांना आठवतंय तोवर विचारा.

मॅडम दुकानदाराला सांगत होत्या, वैभवीने ती ओढणी धुतली, पण गाठ सोडली नाही. ती तशीच डोक्यावरून काढते आणि तशीच घालते.