शाळेच्या खिचडीचा गंज

माझ्या आतल्या बाजूला, काठापासून चार बोटं खाली, एक फिकट रेषा आहे. भाताची पेज तिथवर येऊन वाळत असे, म्हणून ती पडली. आता खिचडी त्या रेषेच्या बरीच खाली राहते. रेषा मात्र घासून जात नाही.

मित्रांनो, मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या जिल्हा परिषद शाळेचा जुना गंज आहे. आमच्या भागात मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. नागपूरच्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यापासून मला घडवलं. इथं आल्यावर माझ्या अंगावर शाळेचं नाव कोरलं गेलं. सुरुवातीला मी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या चुलीवर चढत असे. धुरानं बूड काळं होई, आणि पोरांसाठी रांधणाऱ्या रुख्माबाई मला राखेनं घासून लख्ख करत. पुढे गॅस आला. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "भांडी कशी आरशासारखी ठेवली!" त्या दिवशी रुख्माबाईंनी मला दोनदा घासलं.

कोरोनाच्या काळात पोरांना कोरडा शिधा वाटला गेला आणि मी कोपऱ्यात उपडा पडून राहिलो. कोळ्यानं माझ्यावर जाळं विणलं. घासूनपुसून ठेवल्यानं भांडं टिकत नाही, मित्रांनो. त्यात रोज काहीतरी शिजावं लागतं.

शाळा पुन्हा भरली, पण पोरं कमी झाली. गावात देवळीच्या इंग्रजी शाळेची व्हॅन यायला लागली होती. पट आणखी घसरला तर आमची शाळा आंजीच्या शाळेला जोडणार, असं कानावर आलं. मग पहिली-दुसरीची पोरं रोज तिथवर जाणार कशी? आणि रुख्माबाईंनी रांधायचं कोणासाठी?

आमच्याकडे पोरांना वाढण्याआधी शिक्षकांनी चव घ्यायची पद्धत आहे. मुख्याध्यापिका मेघा मॅडम रोज माझ्याजवळ येतात, वाटीत थोडी खिचडी घेतात, निवू देतात, खातात. मॅडम देवळीला राहतात. त्यांची मुलगी आकांक्षा आमच्या शाळेतल्या काजलच्याच वयाची, पण ती त्या इंग्रजी शाळेत शिकते.

"मीठ बरोबर हाय का, मॅडम?" रुख्माबाई विचारत.

"बरोबर आहे."

"रोजच बरोबर रायते. मंग लेकीले काऊन नाई आणत जेवाले?"

मॅडम हसत. "पुढच्या वर्षी पाहू, रुख्माबाई." असे तीन जून गेले.

यंदा शाळा उघडली तेव्हा धनंजय आला, काजलचा बाप. मॅडमच्या हातात चवीची वाटी होती.

"मॅडम, काजलचा दाखला पायजे. व्हॅनवाल्याले सांगून ठेवलं."

"काजल न अडखळता वाचते, धनंजयभाऊ. शिकवण्यात काही कमी पडलं का?"

"नाई जी. तुमच्या शिकवन्याले नाव ठेवाची सोय नाई."

"मग?"

धनंजय खाली पाहत म्हणाला, "तुमी शिकलेली मानसं. तुमाले आमच्यापेक्षा जास्त समजते. तुमी पोरगी तेथी घातली, म्हनून मीबी तुमच्या मांगंच येऊन राह्यलो."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मॅडमना लागलं असावं. रुख्माबाई डाव घेऊन उभ्या होत्या. ओसरीवर पोरं ताटल्या वाजवत होती.

मॅडमनी वाटीतली खिचडी खाल्ली. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत.

"धनंजयभाऊ, दाखला आज देत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या मी देवळीच्या शाळेत जाते आणि आकांक्षाचा दाखला काढून आणते. सोमवारपासून ती इथं बसेल, काजलशेजारी."