दगडाखालचं गोणपाट

आमच्या ह्यांना संशय घ्यायला कारण लागत नाही. गवळ्यानं दूध जरा जास्त घातलं, तरी हे दिवसभर विचारात, की यानं आज एवढं का घातलं? लग्नात माझ्या वडिलांनी बोलल्यापेक्षा एक घागर जास्त दिली, तर ह्यांनी ती उन्हात धरून भोक शोधलं होतं. अशा माणसानं कुणीतरी वापरून टाकलेली मोटारबोट विकत घ्यावी, याचं मला अजून नवल वाटतं.

पण घेतली खरी. साल चौऱ्याहत्तर. आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. घरं अलीकडं आणि निम्मी उसाची रानं पलीकडं. पूल नाही. माणसं, वैरण, शेळ्या, सगळं आकाराम नावाड्याच्या लाकडी नावेतून जायचं. पाणी चढलं की वल्ही हात टेकायची, मग ऊस त्या तीरावर आणि मालक या तीरावर. कोयनेकडच्या एका ठेकेदाराकडं फायबरची जुनी बोट पडून आहे असं ह्यांच्या कानावर आलं आणि ट्रकवर उलटी बांधून ती घाटावर आली. तळाला चीर, काठ फुटलेला, पांढऱ्या रंगाखाली निळा रंग.

"निळ्यावर पांढरा का दिला असंल?" हे म्हणाले. "काहीतरी झाकलंय."

"घराला दर वर्षी चुना देता, तेव्हा काय झाकता?" मी विचारलं. हे नखानं पांढरा रंग खरवडत राहिले.

दुरुस्तीला रहिमतपूरचा कृष्णात आला. लष्कराच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला हवालदार. त्यानं नाण्यानं बोट ठोकत ठोकत सगळी पालथी घातली. जिथं आवाज बसका आला तिथं खडूनं गोल केले. तेवढा भाग घासून काढायचा, काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं आणि वर रेझीन चोपडायचं, असं त्याचं काम. रेझीन दिसायला काकवीसारखं, वासानं मात्र डोकं उठायचं. काकवीत भेसळ कशी करतात ते ह्यांना माहीत, त्यामुळं हे डब्यात काडी बुडवून बघायचे. घासल्याची पूड अंगावर उडाली आणि ह्यांचे हात खाजायला लागले, तेव्हा तर कृष्णातनं मुद्दाम खाजकुयली टाकली असंच ह्यांचं मत झालं. कृष्णात बिचारा स्वतः कोपरापर्यंत लाल झाला होता.

एकाच माणसावर ह्यांचा संशय नव्हता, तो म्हणजे आकाराम. लहानपणी आजोळाला जाताना हे त्याच्याच नावेतून जायचे, त्याच्या मांडीवर बसून वल्ह्याला हात लावायचे. सासूसासरे गेल्यावर ह्यांना "शांतू" अशी हाक मारणारा गावात तो एकटाच उरला होता. बाकी सगळ्यांचे हे शांतिनाथअण्णा.

"तात्या, चाक तुमीच धरायचं," ह्यांनी बोट आल्या दिवशीच त्याला सांगितलं होतं.

"मोटारीचं? मला जमंल व्हय रं, शांतू?"

"न जमायला काय झालं?"

तेवढ्या शब्दावर म्हाताऱ्यानं आपली लाकडी नाव काठावर पालथी घातली. आता हीच आपली नाव, म्हणाला. त्याची बायको रंगूबाई हसत सांगायची, "घरात परात धरून बसत्यात आन् हिकडं तिकडं फिरवत्यात. म्या म्हटलं, भाकरी तरी थापू द्या." तो रोज घाटावर येऊन बोटीवरून हात फिरवायचा. बोटीचं चाक धरणं हीच त्याच्या उरलेल्या आयुष्याची गोष्ट झाली होती, आणि ते सगळ्या गावाला दिसत होतं.

मागच्या बाजूची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं, ती आतून कुजली होती. कृष्णातनं ती कापून काढली, नवी सागवानी फळी बसवली, वरून काचेचं कापड आणि रेझीन देऊन बंद केली आणि इंजिनाच्या बोल्टांसाठी भोकं पाडली. इंजिन अजून माधवनगरला एका मेकॅनिककडं होतं. मधेच कृष्णातच्या भाचीचं लग्न निघालं, म्हणून तो रहिमतपूरला गेला. जाताना ह्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगून गेला. काय सांगितलं ते ह्यांनी मलाही सांगितलं नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी गडी पळत आला. बोट बुडाली म्हणाला.

आम्ही घाटावर गेलो. बोट उथळ पाण्यात काठापर्यंत बुडवलेली होती, आत मोठमोठे दगड. पाणी नितळ होतं, त्यामुळं सगळं स्पष्ट दिसत होतं. शेजारी गुडघाभर पाण्यात आकाराम उभा, बोटीच्या काठावर हात ठेवून.

"कुणी केलं हे?" हे ओरडले.

"म्याच बुडवली," आकाराम म्हणाला. तोंडावर हसू होतं. "आता बघ रं, शांतू..."

"कबूल केलं! ऐकलंसा समद्यांनी?" ह्यांनी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. "माझी बोट आली की ह्याच्या नावेला कोण इचारणार, म्हणून हे धंदे. आन् वरनं हसतोय. मी ह्याला चाक देणार हुतो!"

धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. मी पुढं वाकून बघितलं. प्रत्येक दगडाखाली गोणपाटाची घडी होती, नीट चौकोनी.

"आवं, दगडाखाली गोणपाट आहे," मी ह्यांचा सदरा ओढत म्हटलं. "बोट बुडवणारा माणूस गोणपाट घालून बुडवील का?"

"आवाज होऊ नये म्हणून घातलं आसंल. तू गप." आणि त्याच्याकडं वळून, "चाकाला हात लावायचा न्हाई. पुन्हा घाटावर दिसलास तर पोलिसात देईन."

आकारामनं ह्यांच्याकडं बघितलं, मग त्या बायकांकडं. बोटीवरचा हात हळूच काढून घेतला आणि तो वर निघून गेला. मला त्या क्षणी ह्यांचा इतका राग आला की त्या सगळ्या बायकांसमोर बोलावंसं वाटलं. बोलले नाही, कारण घरी जाऊन जास्त बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी कृष्णात आला. फळीच्या भोकांत करंगळी घालून बघितली आणि त्याचं तोंडच उतरलं. "फळीनं पाणी घेतलं, अण्णा. आता उघडून वाळवाय लागंल. मी सांगून गेलतो न्हवं? भोकं उघडी हायत, पाण्यात न्यायची न्हाई, समद्यांना सांगून ठेवा म्हणून?"

मी ह्यांच्याकडं वळले. "कुणाकुणाला सांगितलंत?"

हे खाली बघायला लागले. "कुणालाच न्हाई. सांगितलं आसतं तर ज्याच्या मनात पाप हाय त्याला वाट दाखवल्यागत झालं आसतं."

मी तशीच उठले आणि आकारामच्या घराकडं गेले. वाटेत काठावर त्याची जुनी नाव पालथी पडलेली. उन्हानं फळ्या आकसल्या होत्या, दोन फळ्यांच्या मधून करंगळी आत जात होती. रंगूबाई तिथंच शेण्या लावत होती. डोळे रडून सुजलेले.

"काकी, ही अशी का फाटली?"

"यंदा भिजवलीच न्हाई, तर काय हुणार? दर साली पावसाच्या आदी दगड घालून बुडवत्यात की. लाकूड फुगतं आन् चिरा मिटत्यात. न भिजवता नाव सोडली तर मधी धारंला पाणी घेती." तिनं पदरानं नाक पुसलं. "यंदा म्हणाले, ही कशाला, नवी आलीया. तिला नवी फळी घातलीया, ती भिजाय पायजे. हिची गोणपाटं बी तिलाच नेली. रंग लय झ्याक हाय, ओरखडा उठंल म्हणाले."

मी माधवनगरची, मिलच्या भोंग्यावर वाढलेली. नदीचं मला काय कळणार? पण हे याच काठावर जन्मले. दर उन्हाळ्यात दगड घालून बुडवलेली नाव ह्यांनी पाहिली होती, पोरपणी तिच्यावरून उड्याही मारल्या होत्या. तीच गोष्ट डोळ्यांसमोर आली, तर ह्यांना पाप दिसलं. आणि आकारामला तरी कुठं ठाऊक, की काचेची नाव भिजवायची नसते? ते ज्याला ठाऊक होतं, त्यानं तोंड मिटून ठेवलं होतं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, चढवायची गरजच नव्हती. हे चपला न घालताच निघाले, आणि मी मागोमाग.

आकारामनं तेवढ्यात आपली जुनी नाव सुलटी करून पाण्यात लोटली होती आणि तिच्यात एकटाच दगड भरत होता.

"तात्या, चुकलं माझं," हे म्हणाले. "चाक तुमीच धरायचं."

त्यानं दगड खाली ठेवला. "दगडाखाली काय हुतं?"

"गोणपाट."

"दिसलं हुतं?"

ह्यांना खोटं बोलता आलं नाही. "दिसलं हुतं."

म्हाताऱ्यानं हाताची माती धोतराला पुसली. मग म्हणाला, "चाक धरीन. माझी नाव आता पावसाच्या आदी फुगायची न्हाई, आन् माणसं पलीकडं न्यायला पायजेत. पर एक हाय. रोज सांजंला नाव लागली की तुमी यायचं. बूड, काठ, इंजिन, समदं बघून घ्यायचं. माणसांच्या देखत. मगच म्या घरला जाईन, मालक."

फळी उन्हात वाळली, कृष्णातनं ती पुन्हा बंद केली, इंजिन बसलं. आकाराम असा चाक धरायचा की जन्मभर तेच केलंय. परातीचा सराव फुकट गेला नाही. आणि रोज दिवस कलला की घाटावरून हाक यायची, "बघून घ्या, मालक!" आम्ही जैन, सूर्य बुडाला की अन्न तोंडाला लावत नाही. हाक नेमकी ह्यांच्या जेवणाच्या वेळेला. हे ताटावरून उठायचे, परत येईतो अंधार पडलेला असायचा. त्या सालात ह्यांची किती जेवणं अर्धी राहिली ते मलाच ठाऊक. ताट मी झाकून ठेवायची नाही. उगाच खोटी आशा कशाला?

ज्या माणसानं घागरीला भोक शोधलं, तो त्या बोटीकडं बघायचासुद्धा नाही. पाण्याकडं तोंड करून म्हणायचा, "बघितलं." आकाराम म्हणायचा, "नीट बघा." मग हे वाकून काठावरून हात फिरवायचे आणि घाटावरची माणसं बघत उभी राहायची.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा मी भाजी आणायला पलीकडं गेले होते, परतले तेव्हा शेवटची खेप होती. हे काठावर उभेच होते. सगळी उतरून गेली. ह्यांनी बोटीच्या काठाला हात लावला आणि अगदी हळू म्हणाले, "तात्या, एकदा शांतू म्हणा की."

आकारामनं चाकावर गोणपाट टाकलं, चारी बाजूंनी नीट खोचलं.

"आदी बघून घ्या," तो म्हणाला.