धक्क्यावरचा ड्रम

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी तिच्याच बोटीचं छत शिवत होतो. ताडपत्री जाड होती, सुई सारखी तुटत होती, आणि मी मशीनला शिव्या देत होतो. लेक दारात येऊन उभी राहिली. तिच्या एकाच पायात चप्पल होती.

"दुसरी कुठे टाकलीस?" मी विचारलं.

"बाबा, आईची बोट बंधाऱ्यावरून खाली गेली."

"आणि आई?"

मी पाय मारायचा थांबलो तरी मशीनचं चाक थोडा वेळ आपलं आपण फिरत राहिलं.

मी ताडपत्र्या शिवणारा माणूस. धक्क्यावरच्या सगळ्या बोटींची छतं माझ्या हातची, म्हणून मला सगळे शिंपीदादा म्हणतात. बोट चालवायची ती. तलावाच्या या काठावरून त्या काठाला माणसं न्यायची आणि आणायची. तलावाच्या एका टोकाला बंधारा आहे. पाणी भरलेलं असलं की ते भिंतीवरून खाली कोसळतं आणि त्या बाजूला ओढ असते. इंजिन चालू असेल तर भीती नाही. बंद पडलं तर नुसत्या वल्ह्याने निभाव लागत नाही.

त्या दिवशी पलीकडे माणसं उतरवून ती एकटी परत येत होती. उतरलेल्या माणसांनी सगळं पाहिलं. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. तिने दोरी ओढली, पुन्हा ओढली, झाकण काढून पाहिलं, पुन्हा ओढली. मग वल्हं घेतलं. ती शेवटपर्यंत वल्हं मारत होती, असं ते मला चार माणसांत सांगत होते, मला बरं वाटावं म्हणून. मला बरं वाटलं नाही.

बोट बंधाऱ्याखाली दगडांत सापडली, ती सापडली नाही. इंजिन जागेवर होतं. ते मेकॅनिकच्या शेडमध्ये नेलं. त्याला आम्ही डॉक्टर म्हणतो, कारण इंजिनाला कान लावल्याशिवाय तो पान्ह्याला हात लावत नाही. त्याने मला बोलावून घेतलं आणि बाकावर काचेची एक बरणी ठेवली. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाण्यासारखा थर, मध्ये स्वच्छ रेघ.

"हे तिच्या टाकीतलं," तो म्हणाला.

"बोट बुडाली, पाणी शिरलं असणारच."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून हे आणलं." त्याने दुसरी बरणी पहिलीशेजारी ठेवली. तिच्यातही तशीच रेघ होती. "हे धक्क्यावरच्या ड्रमच्या तळातलं. ड्रम तर बुडाला नव्हता ना?"

मी खाली बसलो. त्याने मला पाणी दिलं.

"आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं," डॉक्टर सांगू लागला. "ते पाण्याला धरून ठेवतं. हवेतल्या दमटपणालासुद्धा. थोडं असेल तोवर पचवतं. जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलला सोडतात आणि तळाला जाऊन बसतात. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. मग इंजिन बिचारं काय जाळणार?"

"हलवून मिसळत नाही?"

"नाही."

"वर ताजं ओतलं तर?"

"ताजं वाया जाईल. एकदा वेगळं झालं की काढून टाकायचं, दुसरा इलाज नाही."

ड्रम तिनेच ठेवलेला. फार पूर्वी एका बोटवाल्याचं पेट्रोल पलीकडच्या काठाला संपलं आणि तो बोटीत बसून राहिला. त्याला आम्ही वादळ म्हणतो, कारण त्याच्याइतका सावकाश माणूस तलावावर दुसरा नाही. त्याला ओढून आणता आणता तिचा अर्धा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी तिने पत्र्याच्या छपराखाली ड्रम आणून ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, ज्याचं उरेल त्याने यात ओता, ज्याला कमी पडेल त्याने यातून घ्या. कुणी कुणाला विचारायचं नाही. तेव्हापासून तसंच चाललं. धक्क्यावर भांडणं पुष्कळ झाली, ड्रमवरून एकही झालं नाही.

पुढे पेट्रोल बदललं. डॉक्टरने सगळ्यांना बजावलं, पाणी उतरलं आणि बोटी काठावर ओढल्या की टाक्या रिकाम्या करा, पेट्रोल महिनोन्‌महिने आत ठेवू नका. सगळ्यांनी ऐकलं. टाक्या रिकाम्या केल्या आणि ड्रममध्ये ओतल्या. मग अर्धा भरलेला तो ड्रम बोटी बंद असतानाचे सगळे महिने तलावाच्या दमट हवेत, ढिल्या बुचाने उभा राहिला. टाक्या वाचल्या. ड्रमचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिच्याही नाही.

त्या सकाळी तिने आपला ताज्या पेट्रोलचा कॅन दुसऱ्या कुणाला दिला होता. स्वतः ड्रममधून घेतलं.

डॉक्टर म्हणाला, "दादा, हे तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, याला प्रत्येकाच्या बोटीला पाणी अडवणारा फिल्टर विकायचाय. तुमचं ऐकतील. ड्रम बंद करायचा. ताजं भरायचं, बोटी चालू असतील तोवर टाकी भरलेली ठेवायची, झाकण घट्ट. शंका आली की काचेच्या बरणीत काढून थोडा वेळ ठेवायचं आणि रेघ दिसते का बघायचं. एवढंच आहे."

मी ड्रममधल्या पेट्रोलची बरणी पिशवीत घातली आणि धक्क्यावर गेलो. घाई होती, कारण लेकीने आईच्या जागी बोट चालवायचं ठरवलं होतं. बोट डॉक्टरने दुरुस्त करून दिली होती आणि दुसऱ्या दिवसापासून ती पाण्यात जाणार होती.

बोटवाले बाकड्यांवर बसले होते. मला पाहून सगळे सरकले, एकाने फडक्याने जागा पुसली. ती असताना मला कुणी जागा देत नसे. "शिंपीदादा, तुम्ही उभेच बरे, बसलात की कपडे मापायला लागता," असं म्हणत. आता सगळे नीट वागत होते आणि तेच सोसवत नव्हतं.

वादळ ड्रमला टेकून बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता. त्याची बायको आमच्याकडे येऊन रडून गेली होती, हा जेवत नाही, बोलत नाही, म्हणून. मी पिशवीत हात घातला तेवढ्यात तोच बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कुणाच्या आधी बोलला असेल.

"दादा, एक विचारू?"

"विचार की."

"सगळ्यांनी टाक्या वेळेवर ओतल्या. माझी राहिली. बोटी पाण्यात टाकायच्या वेळी मी ओतली, वहिनी गेल्या त्याच्या आदल्या दिवशी. पेट्रोलला वास येत होता. म्हटलं, एवढ्यात काय होतंय." तो माझ्याकडे बघत होता. "वहिनींच्या टाकीत गेलं ते माझं होतं का हो?"

बरणी माझ्या हातात होती, पिशवीच्या आत. काच गार लागत होती.

खरं उत्तर मला ठाऊक होतं. ते एकट्याचं नव्हतं, सगळ्यांचं होतं, वर्षावर्षाचं होतं. पण ड्रममधलं होतं एवढं म्हटलं असतं तर पुढचं त्याने ऐकलंच नसतं. आपलं नाव तेवढं ऐकलं असतं. आणि तो असा बसला होता की मला दारात एका चपलेवर उभ्या लेकीची आठवण झाली.

"छे," मी म्हटलं. "ड्रमचा काही संबंध नाही. डॉक्टरने पाहिलं. तिचा स्टार्टर गेला होता, बंद पडलेलं इंजिन दोरी ओढूनही धरेना."

"नक्की?"

"तिला मी कधीचा म्हणत होतो, दुरुस्त करून घे. ऐकते का कुणाचं?"

वादळ रडायला लागला. बाकीचेही मोकळे झाले. कुणीतरी म्हणालं, "वहिनींना इंजिनापेक्षा स्वतःच्या दंडावर भरवसा," आणि दोघं-तिघं हसले. एकाने ड्रमवर थाप मारली. "वहिनींची आठवण आहे ही. हिला कुणी हलवायचं नाही." सगळे हो म्हणाले. मीही मान हलवली.

घरी आल्यावर लेकीसमोर बरणी ठेवली आणि सगळं सांगितलं. ती रेघेकडे बघत राहिली.

"मग तिथे का नाही बोललात?"

"तू वादळचं तोंड पाहिलं असतंस तर..."

"बाबा, मला आईचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही."

बरणी बाजूला सरकवत ती म्हणाली, "मी ड्रममधून घेणार नाही. फिल्टर बसवते, रोज बरणीत बघते. पण दुसऱ्या कुणाची बोट बंधाऱ्याकडे वाहायला लागली तर ओढायला कोण जाणार? मीच जाणार ना?"

"दुसरं कुणी जाईल."

"आईची लेक आहे मी. जाईन."

ती बोट घेऊन जाऊ लागली. तिच्या इंजिनावर काचेच्या वाटीचा फिल्टर आहे, ती निघायच्या आधी वाटी उन्हात धरून बघते. मी मशीन धक्क्याजवळ आणलंय. शिवताना मला सगळी इंजिनं ऐकू येतात आणि कुठलंही खोकलं की माझा पाय थांबतो. बोटवाले रोज ड्रममध्ये ओततात आणि ड्रममधून घेतात. आता जास्तच, कारण तिची आठवण. ड्रम भरलेला असतो, वरवरचं घेतलं जातं, म्हणून अजून निभावलंय. वादळ जेवायला लागलाय. माझ्यासाठी डबा आणतो. मला तो नको असतो, पण रिकामा करून देतो.

एकदा पहाटे मी पान्हा घेऊन ड्रमचं खालचं बूच काढून तो रिकामा करायला गेलो होतो. मग लक्षात आलं, आज रिकामा केला तर उद्या भरतील. सांगितल्याशिवाय थांबणार नाहीत. आणि सांगायचं म्हणजे वादळसमोर सांगायचं, आणि मी खोटं बोललो तेही सांगायचं. डॉक्टर आता माझ्याशी बोलत नाही. त्याने दोन-तीन जणांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, शिंपीदादा स्वतः म्हणाले स्टार्टर होता, बायको त्यांची गेली, त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं?

पाणी पुन्हा उतरायला लागलंय. थोड्या दिवसांत बोटी काठावर ओढतील आणि टाक्या ड्रममध्ये ओततील. बरणी माझ्या मशीनच्या खणात आहे. वादळला मी अजून सांगितलेलं नाही आणि ड्रम अजून तिथेच आहे.