दक्षिणेकडे ओढणारी चाकं

महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती. मेहकरच्या बाजूला कडूबाच्या बैलजोडीचं नाव तेव्हा नुकतंच घेतलं जाऊ लागलं होतं. मोहऱ्या आणि खैऱ्या, दोन्ही पाणीदार; पण शंकरपटाच्या शर्यतीत दर वेळी कोणीतरी हातभर पुढं निघून जायचं.

"बैलाईत खोट नाही," उत्तम सुतार म्हणाला. "तुह्या छकड्याची चाकं पोते वाहाची हायेत. एवढं वजन घेऊन कोण पयन बे?"

नवी हलकी चाकं करून घ्यायची कडूबाची ऐपत नव्हती. उत्तमकडे तासून हलकी केलेली एक जुनी जोडी पडली होती. कडूबानं ती बोटांनी ठोकून पाहिली, तर एका ठिकाणी भद्द आवाज आला. लाकूड आतून चिरलेलं. मग उत्तमनंच सांगितलं की लोणारच्या वाटेवर एका वस्तीत सोजराबाई राहते. तिचा नवरा नारायणराव पटातला जुना गडी. तो वारल्याला चार वर्षं झाली, पण त्याची चाकं अजून शाबूत आहेत.

सोजराबाईच्या गोठ्यात ती चाकं भिंतीला टेकवून ठेवली होती. बारीक आरे, पातळ लोखंडी धाव, मधल्या तुंब्याला एक चीर नाही. कडूबानं एक चाक उचललं, तर ते वाटलं त्याच्या निम्म्या जोरात वर आलं.

"कितीले द्याची, माय?"

"पंचवीस दे."

"एवढ्या सस्त्यात काऊन?"

"तीन जणाईनं नेली अन् वापस आणली," ती म्हणाली. "काऊन ते कोणी सांगतलं नाही. तूही आणशीन त मी पैसे देऊन टाकीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबानं छकडा पूर्वेच्या गाडीवाटेवर काढला. बैल वाऱ्यासारखे सुटले, पण छकडा सारखा उजवीकडे ओढू लागला. उत्तम म्हणाला, उजवं चाक जरासं लहान असेल. त्यानं चाकांची अदलाबदल केली आणि स्वतः मागे बसला. छकडा तरीही उजवीकडेच ओढत होता. परत फिरले, तेव्हा तो डावीकडे ओढू लागला.

उत्तम खाली उतरला. दोन्ही वेळा छकडा वळत होता तो दक्षिणेला.

"हे सुताराचं काम नाही, कडूबा," एवढंच बोलून तो पायी घरी गेला.

त्याच दुपारी कडूबानं बैल सोडले, छकडा दाराकडे तोंड करून अंगणात लावला आणि जेवायला बसला. हात धुवायला बाहेर आला, तर छकड्याचं तोंड दक्षिणेला होतं. धुळीत चाकांच्या दोन वाकड्या रेघा उमटल्या होत्या. पावलं मात्र कोणाचीच नव्हती.

चाकं तेव्हाच परत करायला हवी होती. पण पट चार दिवसांवर आला होता, आणि या वर्षी तो उत्तरेकडून दक्षिणेला पळायचा होता. ओढतात तर ओढू देत, कडूबानं मनाशी म्हटलं. त्या विचाराची त्याची त्यालाच लाज वाटली, तरी तो पटात उतरला.

झेंडी पडली आणि छकडा उडाला. कडूबानं पाहिलं, जुवाचे दोर सैल पडले होते. बैल छकडा ओढत नव्हतेच. छकडाच त्यांना ढकलत होता. पलीकडची जोडी कुठल्या कुठं मागे राहिली. लोकांनी टोप्या उडवल्या. शेवटची रेघ ओलांडल्यावर कडूबानं कासरे खेचले, पण छकडा थांबेना. माणसं बाजूला पळाली, ज्वारीची धसकटं चाकांखाली कडाकडा मोडू लागली. त्याला उडी मारता आली असती. पण बैलांचे डोळे पांढरे झालेले दिसले आणि त्याचा पाय उचलला नाही.

तिथून दक्षिणेलाच दोन कोसांवर सोजराबाईच्या अंगणात छकडा आपोआप थांबला. ती दारातच उभी होती.

"नारायणराव पटातच गेले," ती म्हणाली. "छातीत कळ आली अन् खाली पडले. बैलं रिकामा छकडा घेऊन घरी आली. मी तवाच समजली. तुले सांगाले पायजे व्हतं, बापू."

कडूबा छकड्यावरून खाली उतरला.

"नंबर लागला का?" तिनं विचारलं.

"पह्यला."

सोजराबाईनं पदर नीट केला. तिची नजर कडूबावरून सरकून त्याच्या मागच्या रिकाम्या फळीवर गेली. "आयकलं का?" ती हळूच म्हणाली. "पह्यला आला. उतरा आता."

कडूबा तोवर जमिनीवर उभा होता. जडशीळ माणूस उतरल्यावर उचलला जातो, तसा छकडा मागून चार बोटं वर आला. बैलांनी एकदम श्वास सोडला.

त्यानं जू सोडलं, बैलांच्या मानेवर हात ठेवला आणि त्यांना घेऊन चालू लागला. अंगणात राहिलेला छकडा मागायला तो पुन्हा कधी गेला नाही. वस्तीच्या कडेला पोहोचेपर्यंत त्याला मागून सोजराबाईचा आवाज येत होता. ती बोलायची, मधेच थांबून ऐकायची, आणि पुन्हा बोलायची.