जिन्याजवळचं दार

दूध घ्यायला तिने दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थिजली. समोर टोपली होती.

वेताची टोपली, वर निळ्या काठाचं पांढरं फडकं. फडकं तिनेच शिवलेलं, काठावरची टीप तिच्याच हातची. खाली कोमट पाव, अंडी, मधाची बाटली, चार संत्री. टोपली चुपचाप बसली होती, माहेरी आलेल्या लेकीसारखी.

त्यांच्या चर्चच्या लहानशा मंडळीत ही रीत जुनी. कुणाच्या घरी दुखणं आलं, कुणाचं माणूस गेलं, कुणाची चूल थंडावली, की सकाळी त्या दारात टोपली जायची. दार वाजवायचं नाही, काही विचारायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. प्रभूच्या नावाने द्यायचं आणि आपलं नाव गिळून टाकायचं. घेणाऱ्याने रिकामी टोपली चर्चच्या मागच्या बाकावर ठेवून द्यायची, झालं. ना आभार, ना ओशाळणं. टोपली भरताना बायका गुणगुणायच्या:

ठेव गं टोपली, हळूच दाराशी
नाव राहू दे गं, आपल्याच उराशी

आणि टोपली कुठल्या दारी जायची हे ठरायचं तिच्या शिवणयंत्राशेजारी. म्हणून तर सगळी मंडळी तिला टोपलीताई म्हणायची. कुणाच्या घरात काय दुखतंय, हे तिला त्या घरच्यांच्या आधी कळायचं. मग आज तिला न सांगता टोपली हलली कशी? आणि हलली ती तिच्याच दारात?

जणू कुणीतरी तिच्याच अंगणात येऊन तिच्यासाठी रडून गेलं होतं, आणि का ते तिलाच ठाऊक नव्हतं.

नवरा टेबलाशी चहा पीत बसला होता. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. सारा रस्ता त्याला घड्याळजी म्हणे.

"अहो, आपल्या घरात काय झालंय?"

"काय व्हायचंय? चहात साखर कमी झालीय."

"चेष्टा पुरे. दारात टोपली आलीय."

घड्याळजीने कप खाली ठेवला. बशी राहिली बाजूलाच, कप टेबलाच्या कडेवरून फरशीवर गेला आणि फुटला. ज्या हातातून केसाएवढा स्क्रू कधी निसटला नव्हता, त्या हाताला टेबल सापडलं नव्हतं.

"म्हणजे चर्चच्या पाळकांनी सांगितलं तर," तो म्हणाला. "शब्द घेतला होता मी त्यांचा."

"काय सांगितलं?"

"खाली बस आधी. काचा आहेत."

"काचा राहू द्यात! काय सांगितलं?"

तो तिच्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघत होता. "डोळे जातायत माझे. मधलं पुसलं जातं, कडेकडेचं राहतं. चष्म्याने भागत नाही म्हणाले डॉक्टर. दुकानात आता फक्त पट्टे बदलतो, सेल बदलतो. बोटांना जमतं ते. बाकीच्यांना सांगतो, सुटा भाग मिळत नाही."

ती बसली. खुर्ची होती म्हणून बसली, नसती तर फरशीवर बसली असती.

"खोटं," ती म्हणाली. "गेल्या रविवारी चर्चमध्ये तुम्ही शास्त्रपाठ वाचलात. अख्खा अध्याय. मी समोर होते."

"वाचला नाही. पाठ म्हटला. पाळक आठवडाभर आधी सांगतात कुठला ते. दुकानात फोनवर लावतो आणि ऐकत बसतो."

"पान उलटलंत तुम्ही!"

"अंदाजाने." तो किंचित हसला. "एकदा दोन पानं एकदम उलटली. कुणाला कळलं नाही."

तिच्या कानांत नुसतं घूं घूं वाजत होतं. साऱ्या मंडळीचं दुखणं हुंगत फिरणारी बाई ती. आणि तिच्याच उशीशेजारी अंधार येऊन निजला होता, तिला चाहूल नाही. कसं? कधी?

"म्हणून तुम्ही हल्ली माझ्याकडे बघत नाही," ती म्हणाली. गेले काही महिने ती हेच बोलून टोमणे मारत होती: आता कुठली आमच्याकडे बघायला सवड, म्हातारी झालो आम्ही.

"सरळ बघितलं की तू पुसली जातेस," तो म्हणाला. "तिरकं बघितलं की दिसतेस. म्हणून भिंतीकडे बघतो."

तिला रडू येईना. रडायला आधी विश्वास बसावा लागतो.

"ऐक," तो पुढे झुकला. "पाळकांनी तेवढी टोपलीच पाठवली असेल, बाकी कुणाला नसेल कळलं. तसंच राहू दे. नाहीतर लोक मायेने म्हणतील, घड्याळजी, आता तुम्ही आराम करा. मायेनेच वाचन काढून घेतील. दुकान गेलं तर गेलं, पण रविवारचं ते उभं राहणं... तेवढं एक राहू दे मला."

तेवढ्यात दार वाजलं.

टोपली ठेवलेलं दार कुणी वाजवत नसे. तिने उघडलं. बाहेर पाव भाजणाऱ्या भट्टीवालीची नवी सून, ओठांवर घाम, हाताला अजून पीठ.

"मावशी, माफ करा. चुकले मी. सासूबाई म्हणाल्या, जिन्याजवळचं दार. मला वाटलं हेच. ती वरच्या मजल्यावरची, जिन्याच्या डोक्याजवळची बाई आहे ना, नवी राहायला आलेली, तिचं बाळ दवाखान्यात आहे. काल रात्री तिने भट्टीवर सांगितलं, म्हणून तुम्हाला कळवायला वेळच झाला नाही. मला सांगितलं होतं, वाजवू नकोस, विचारू नकोस, वळून बघू नकोस. मग कळणार कसं, कुठलं दार ते! आता सासूबाई भट्टीपेक्षा तापल्यायत."

म्हणजे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. पाळकांनी शब्द पाळला होता. घराला लागलेली ही कळ अजून चार भिंतींतच होती, आणि तिला आतच ठेवायला फक्त एक टोपली उचलून द्यायची होती.

तिने टोपली उचलली. एवढ्या वर्षांत हसणं कधी इतकं जड गेलं नव्हतं, पण ती हसली.

"ने बाई, ने. मी म्हटलं, आमच्या घरी कुठला दुष्काळ पडला! पळ, बाळाची आई वाट बघत नसेल, पण पाव गार होतोय."

सून टोपली घेऊन वळली.

"सूनबाई," आतून घड्याळजीचा आवाज आला. "ती टोपली वर पोचव. आणि सासूबाईंना सांग, खालच्या घरीही एक लागेल."

टोपलीताईचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. आत्ताच तर म्हणाला होता, राहू दे! तिने वळून बघितलं. तो खुर्चीत ताठ बसला होता, भिंतीकडे बघत, म्हणजे तिच्याकडेच बघत.

"अहो, काय बोलताय?"

"तू हसलीस ना आत्ता," तो म्हणाला. "तसलं हसू तुला रोज हसावं लागेल माझ्यासाठी. ऐकवलं नाही मला."

सून जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकली होती. आता ती काय करील हे टोपलीताईला ठाऊक होतं: मान खाली घालील आणि निघून जाईल. रीतच तशी. पण सून वर गेली, टोपली ठेवून धावत खाली आली आणि सरळ आत शिरली.

"काय झालंय, काका?"

टोपलीताईला धक्काच बसला. कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्या मंडळीत भरभरून दिलं जायचं, पण विचारायचं कुणीच नाही.

घड्याळजीने सांगितलं. सगळं. सून ऐकत राहिली, मध्ये एकदा "अरे देवा" म्हणाली, आणि तो थांबल्यावर तिने पिठाचे हात पुसले.

"मग उद्याच्या रविवारचं पाठ झालं का?"

"अर्धं. पण उद्या म्हणायला मिळेल असं नाही. आधी उभा राहून सांगणार आहे सगळ्यांना, की मला दिसत नाही. मग काय ते त्यांनी ठरवावं."

"नको हो," टोपलीताईच्या तोंडून निघालं. "काढून घेतील."

"घेतील कदाचित."

"घेऊ देत तर खरं!" सून म्हणाली. "न बघता अख्खा अध्याय म्हणणारा माणूस मिळालाय आणि काढून घेतील? आमच्या सासूबाईंना बघून वाचायला सांगा, निम्मी मंडळी झोपते. कुठंय शास्त्र? मी वाचते, तुम्ही म्हणा."

तिने फडताळातून बायबल काढलं, खुर्ची ओढली आणि वाचायला लागली. वाचन तिचं काही खास नव्हतं. अडखळायची, एखादी ओळ गाळायची, घड्याळजी म्हणायचा, "थांब, मध्ये काहीतरी राहिलं." ती पुन्हा मागे जायची. तिच्यामागून त्याचा आवाज यायचा, थोडा चाचपडत, मग ओळ सापडली की भरून.

टोपलीताई फरशीवरच्या काचा गोळा करत होती. उद्याचं चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं: तो सगळ्यांसमोर उभा, सगळं सांगून टाकलेला, आणि मध्येच शब्द निसटलेला. सगळे श्वास धरून बसलेले. मायेने गप्प. कुणी विचारणार नाही, कुणी सांगणार नाही.

तिने काचा कोपऱ्यात लोटल्या आणि खुर्ची टेबलाशी ओढली.

"जरा मोठ्याने वाच गं," ती सुनेला म्हणाली. "मलाही पाठ करायचंय. उद्या पहिल्या बाकावर बसणार आहे मी. हे अडले, तर पुढचा शब्द मी देणार."