जानरावांचा सुट्या भागांचा स्टिरिओ

मित्रांनो, मी एक जुना स्टिरिओ आहे. मानवाने आवाजाच्या शास्त्रात आजवर जे काही साधले, त्याचा मी कळस आहे. हे मत जानरावांचे. जानराव वीज खात्यातले निवृत्त वायरमन. दुसरबीडला राहतात. मला त्यांनीच बनवले असल्यामुळे दुसऱ्या कोणाचे मत घ्यायची वेळ आली नाही.

मला जुळवून दीड वर्ष झाले. पण माझा सर्वांत तरुण अवयव बारा वर्षांचा आहे, तेव्हा मी जन्मलो तोच उतारवयात.

माझे पोट म्हणजे तळाशी चिरलेला रांजण. त्याच्या तोंडावर मोडीत निघालेल्या एका जीपचा स्पीकर बसवला आहे. उजवी बाजू म्हणजे पाठीवरच्या फवारणी पंपाची टाकी. ती सोड्याने तीनदा धुतली, तरी तिच्यातून निघणाऱ्या सुरांना अजून औषधाचा वास येतो. अॅम्प्लिफायर तेलाच्या पत्र्याच्या डब्यात बसतो. आणि सगळ्यांत वर, बारीक आवाजासाठी, तिफणीचे चाडे. तुमच्यापैकी अनेकांनी ट्रॅक्टरचीच पेरणी पाहिली असेल, म्हणून सांगतो. चाडे म्हणजे पेरताना ज्यात मुठीने बी सोडतात ते लाकडी वाडगे. त्याच्या तळाला तीन भोके असतात, त्यांतून बी नळ्यांत उतरते आणि नळ्यांतून जमिनीत.

चाडे शेजारच्या गोजरबाईंचे. "ने भाऊ," त्या म्हणाल्या, "पण हरभऱ्याच्या पेरणीले वापस पाह्यजे. बाकी वावर ट्रॅक्टरनं करतो, पहिलं तास मात्र आमी तिफणीनंच काढतो."

"हाव, हाव," जानराव म्हणाले आणि घरी येऊन त्यांनी तिन्ही भोके सुताराची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पक्की बुजवली. आवाज गळू नये म्हणून.

मेहकरला जाताना एसटीच्या खिडकीतून जानरावांनी 'मॉड्यूलर किचन' अशी पाटी वाचली होती. स्वयंपाकघर सुटे होऊ शकते, तर स्टिरिओने काय पाप केले, असा त्यांचा सवाल होता. म्हणून माझा प्रत्येक भाग थ्री-पिनने जोडलेला आहे. पिना उपसल्या की मी पाच मिनिटांत पुन्हा भंगार होतो.

हा सगळा खटाटोप सिंधूताईंसाठी होता. सिंधूताई म्हणजे जानरावांच्या पत्नी. विहारातल्या महिला मंडळाचे गाणे बावीस वर्षे त्यांनीच उचलले. त्या पहिली ओळ म्हणत आणि बाकीच्या मागून येत. मग त्यांना ऐकू येणे हळूहळू कमी झाले. मागच्या बाया कडवे संपवून थांबत, तरी या गातच असत. एका रविवारी कौशल्याबाई म्हणाल्या, "सिंधूताई, आमी मुक्कामाले पोचलो ना वो, तुमी अजून ष्टँडवरच!" सगळ्या हसल्या. सिंधूताईही हसल्या, कारण सगळ्या हसत होत्या. पुढच्या रविवारी त्या गेल्या नाहीत.

"वयच झालं आता," असा निकाल गावाने दिला. जानरावांना तो मान्य नव्हता. ते दर आठवड्याला लसूण घालून तेल कोमट करत, सिंधूताईंच्या कानांत सोडत आणि वर कापसाचा बोळा लावत. अगदी हळुवार हाताने, मित्रांनो. असा हात त्यांनी मला कधी लावला नाही. तरी गुण येईना. तेव्हा तेहतीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव कामी आला. दिवा मंद जळत असेल तर दोष दिव्यात नसतो, पुरवठा कमी पडतो. पुरवठा वाढवावा, असे त्यांनी ठरवले. तो पुरवठा म्हणजे मी.

पहिल्यांदा वाजलो तेव्हा कौलावरची चिमणी उडाली. जानरावांनी विचारले, "सिंधू, येते का ऐकू?"

सिंधूताईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. दोन महिने तारा जोडून जोडून त्या माणसाचे डोळे लाल झाले होते. "हाव," त्या म्हणाल्या, "चांगलं वाजते."

मग माझे वैभवाचे दिवस आले. लोक मला पाहायला येत. रांजणावर टिचक्या मारत. कोणी म्हणे, "काय डोकं लावलं बे यानं!" कोणी चाड्याला हात लावून नमस्कार करी. सगळे मला ऐकत आणि सिंधूताई प्रत्येकाला सांगत, "चांगलं वाजते."

त्या वर्षी अशोक विजयादशमीला सिंधूताईंनी पुन्हा गाणे उचलावे, असे जानरावांनी मंडळाकडून कबूल करून घेतले. मला हातगाडीवर घालून विहारात नेले आणि जोडले. माझे तोंड लोकांकडे नव्हते, सिंधूताईंकडे होते. मागच्या बायांचा आवाज मी थेट त्यांच्या कानात घालायचा होता. माइक त्यांच्यासमोर आणि मी माइकसमोर हाताभरावर. अशा मांडणीत काय होते, हे लग्नातला मंडपवालाही सांगेल. पण जानरावांचे लक्ष त्या वेळी शास्त्राकडे नव्हते, बायकोच्या चेहऱ्याकडे होते.

सिंधूताईंनी पहिली ओळ उचलली आणि मी किंचाळलो. चाड्यापासून रांजणापर्यंत, सगळ्या अंगाने किंचाळलो. लोकांनी कानांवर हात ठेवले, लेकरे रडू लागली. सिंधूताई तेवढ्या गात राहिल्या. डोळे मिटून, शांतपणे, दुसऱ्या ओळीपर्यंत. मग त्यांनी डोळे उघडले आणि समोरचे हात पाहिले.

त्या थांबल्या. जानरावांनी पिना उपसल्या. त्या शांततेत दुसऱ्या रांगेतल्या महामायाने गाणे पुढे उचलले. नुकतीच लग्न होऊन आलेली सून, आवाज स्वच्छ. मंडळ तिच्यामागून गेले.

घरी येताना सिंधूताई एवढेच म्हणाल्या, "मले वाटलं, टाळ्या वाजवून राह्यले."

त्यानंतर जानरावांनी माझा आवाज आणखी वाढवला. दुसरा उपाय त्यांना येत नव्हता.

पुढच्या पंधरवड्यात गोजरबाईंनी चाडे नेले. नारळ फोडला, बैल जुंपले आणि गोजरबाईंनी चाड्यावर मूठ धरली. तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, अर्ध्यावर आले, तेव्हा चाडे हरभऱ्याने शिगोशीग भरले होते आणि जमिनीत एक दाणा गेला नव्हता. ऐन मुहूर्ताला जमीन रिकामी राहिली. गोजरबाई चाडे तसेच काखेत मारून तडक आमच्या दारात आल्या.

जानराव बाहेर गेले होते. दारात सिंधूताई होत्या. आत मनाली होती, जानरावांच्या भावाची मुलगी. ती बुलढाण्याला कॉलेजात शिकते आणि सुट्टीला आली होती.

"काऊन वो सिंधूताई! तुमच्या घरच्याइनं आमचा मुहूर्त नासवला! चाड्याचे भोकं बुजवून ठेवले, अक्कल हाय का नाही?"

सिंधूताईंनी चाड्याकडे पाहिले आणि हसून मान डोलावली. "हाव बाई," त्या म्हणाल्या, "चांगलं वाजते."

गोजरबाईंचा राग जागच्या जागी विझला. त्या चाडे घेऊन परत गेल्या. मनालीने आतून हे सगळे ऐकले. जानराव आल्यावर तिने विचारले, "मोठेबाबा, मोठ्या आईचा कान कधी डॉक्टरले दाखवला का?"

"डॉक्टर काय करणार? यंत्र केलं ना मी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती सिंधूताईंना बुलढाण्याला घेऊन गेली. संध्याकाळी दोघी परत आल्या, तेव्हा मी नेहमीच्या जोरात वाजत होतो. सिंधूताईंनी दोन्ही हातांनी कान झाकले.

"अवो, बंद करा ते! किती बोंबलते!"

जानराव उठून उभे राहिले. "ऐकू आलं?"

"मळ होता," मनाली म्हणाली. "अन् त्याच्या आत कापसाचे तीन बोळे. डाव्यातून दोन, उजव्यातून एक. डॉक्टरनं दहा मिनिटांत काढले."

जानरावांनी पिना उपसल्या. एक एक, सावकाश. त्यानंतर त्या कोणी जोडल्या नाहीत. पंपाची टाकी कोणी तरी मागून नेली. रांजणात कोंबडी उबवायला बसते, आणि माझ्यापेक्षा तिचे तिथे बरे चालले आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. पण माझी निगा चांगलीच राखली गेली, रोज फडके फिरत असे. माझी विनंती निराळी आहे. कोणासाठी काही बनवायला घ्याल, तेव्हा त्या माणसाला आधी नीट पाहा. आणि तो 'चांगलं आहे' म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारा.

सिंधूताई आता दर रविवारी विहारात जातात आणि मागच्या रांगेत बसतात. गाणे महामाया उचलते. ती सिंधूताईंपेक्षा चांगली गाते. त्यांना ते आता स्वच्छ ऐकू येते.